भेग कुणामुळे पडली?

शाळा सुटल्यावर

बालदोस्तांनो,

मागच्या खेपेला आपण भिंतीवरच्या पालीची गोष्ट वाचली. आज पाल नाही, पण भिंत आहे. तीसुद्धा आमच्या शाळेची नव्हे, तर पार तिकडे परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. आणि त्या भिंतीला आहे एक भेग.

आमच्या अंबरनाथ पश्चिमेला कुठेही उभे राहा, एखादी इमारत वर चढताना दिसतेच. हिरव्या जाळ्या, बांबूंच्या पराती आणि दिवसभर मिक्सरची घरघर. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे बाबा या कामांवर आहेत. कुणी गवंडी, कुणी सेंटरिंगवाला, कुणी सळया बांधणारा, कुणी बिगारी. निबंधात ही मुलं 'घमेलं', 'थापी', 'ओळंबा' असे शब्द बिनचूक लिहितात. अडले तर मीच त्यांना विचारते.

त्यांतलीच एक मुलगी. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण तिनंच अट घातली आहे, "बाई, गोष्ट लिहा, पण नाव नको." तेव्हा नुसतं 'ती' म्हणू या.

तिचे बाबा इथे स्लॅबवर पाणी मारायचं काम करतात. बारा वर्षं पैसे साठवून त्यांनी गावाकडे एक छोटा प्लॉट घेतला. गावठाणाच्या बाहेर, जिथे आधी शेत होतं तिथे. गेल्याच्या गेल्या मे महिन्यात सगळं कुटुंब गावी गेलं आणि दोन खोल्या बांधायला काढल्या. शाळेला सुट्टी होती आणि पावसाच्या आत डोक्यावर छप्पर यायला हवं होतं. स्लॅब पडला त्या दिवशी बाबांनी पाइप तिच्या हातात दिला. म्हणाले, "आता हे काम तुझं. चौदा दिवस. स्लॅब सुकू द्यायचा नाही."

तिसरी पास झालेल्या मुलीला केवढा अभिमान वाटला असेल! स्लॅबवर मातीची छोटी आळी करून त्यांत पाणी भरून ठेवायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघायचं आणि कमी झालं की पुन्हा भरायचं. तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी टँकर आला नाही. पाचव्या दिवशी अर्धा ड्रम मिळाला, पण त्यातलं घरी प्यायलाही लागलं. सातव्या दिवशी पाणी मारणं थांबलं ते थांबलंच. जूनमध्ये शाळा उघडली आणि ते सगळे अंबरनाथला परतले.

भाद्रपदात महालक्ष्म्यांना (आपल्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या, बरं का) ती गावी जाऊन आली आणि गप्प गप्प झाली. गणिताच्या तासाला तिची पाटी कोरी. मी मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवलं. बऱ्याच वेळानं ती बोलली.

"बाई, आमच्या नव्या घराला भेग पडली. खिडकीपासून खालपर्यंत. मी पाणी कमी मारलं म्हणून पडली का?"

मुलांनो, खरं सांगते, मला उत्तर येत नव्हतं. 'नाही गं बाळा, तुझी काय चूक' असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण समजा, खरंच पाणी कमी पडल्यामुळे भेग पडली असेल तर? खोटी समजूत नऊ वर्षांच्या मुलांनाही बरोबर कळते. मी तिला म्हटलं, "मला माहीत नाही. आपण शोधून काढू."

आमच्या शेजारी एक काका राहतात. बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते, अर्धी नोकरी मराठवाड्यात झाली. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि उलट मलाच विचारलं, "बाई, काँक्रीट घट्ट कसं होतं?"

"वाळून," मी म्हटलं.

काका इतके हसले की काकू बाहेर आल्या.

तुम्हीही मनात 'वाळून' असंच म्हटलंत ना? आपण सगळे एकाच बाकावरचे! कपडे वाळतात, पापड वाळतात, काँक्रीट मात्र वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी एकत्र आलं की त्यांच्यात रासायनिक क्रिया सुरू होते. नवे बारीक बारीक स्फटिक तयार होतात, एकमेकांत गुंततात आणि खडी-वाळूला घट्ट धरून ठेवतात. पाण्याचा बराचसा भाग उडून जात नाही, तो त्या नव्या दगडाचाच भाग होतो. म्हणून तर काँक्रीट पाण्याखालीही घट्ट होतं. नाहीतर नदीतले पुलाचे खांब कसे उभे राहिले असते?

या क्रियेत उष्णताही बाहेर पडते. अमेरिकेत १९३० च्या दशकात हूवर धरण बांधलं, तेव्हा काँक्रीटचा ढीग एवढा मोठा होता की तो आपला आपण थंड व्हायला फार फार वर्षं लागली असती. म्हणून त्याच्या पोटात लोखंडी नळ्या पुरून गार पाणी खेळवलं. धरणाला ताप आला म्हणून ओल्या कपड्याच्या घड्याच म्हणा ना!

ही क्रिया एका दिवसात संपत नाही. काँक्रीटची ताकद मोजायची ती २८ दिवसांनी, असा रिवाज आहे. पहिल्या सात दिवसांत त्यातली साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते. मात्र त्या काळात पाणी मिळालं तरच. पाणी उडून गेलं की स्फटिक बनायचे थांबतात. आपल्या देशाच्या मानक संस्थेनं २००० साली काढलेल्या नियमावलीत साध्या सिमेंटला कमीत कमी ७ दिवस पाणी द्या असं म्हटलं आहे, आणि हवा गरम व कोरडी असेल तर १० दिवस. राख वगैरे मिसळलेलं सिमेंट असेल तर कमीत कमी १० आणि शक्यतो १४ दिवस. म्हणजे तिच्या बाबांनी सांगितलेले चौदा दिवस अगदी पुस्तकातले होते. पुस्तक न वाचता!

आता एक गंमत. काँक्रीट कालवताना मात्र पाणी हात राखून घालायचं असतं. घराच्या स्लॅबला नेहमी वापरतात त्या एम-२० काँक्रीटला, म्हणजे मोजून-मापून कालवलेल्या साध्या मिश्रणाला, ५० किलोच्या एका गोणीमागे फार तर ३० लिटर पाणी. त्याहून जास्त घातलं की काम हलकं होतं, माल भराभर पसरतो. पण जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. मे महिन्यात तर माल घमेल्यातच घट्ट व्हायला लागतो, मग कुणीतरी हळूच आणखी एक बादली ओततं. तिथेच घोटाळा होतो. म्हणजे काँक्रीटच्या पोटात पाणी कमी हवं आणि नंतर अंगावर भरपूर हवं. आपण नेमकं उलटं करतो.

हवा ४० अंशांच्या वर गेली की इंजिनिअर लोक वेगळे नियम लावतात. खडीवर सावली करायची, कालवायला गार पाणी घ्यायचं, स्लॅब भर दुपारी टाकायचा नाही. कारण गरम वारा ओल्या स्लॅबच्या पाठीवरून फिरला की पहिल्या काही तासांतच वरची कातडी आक्रसते आणि बारीक भेगा पडतात.

"मग तीच ती भेग?" मी काकांना विचारलं.

"स्लॅबवर आहे का?"

"नाही. भिंतीला. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी खाली."

काकांनी चष्मा काढला. "मग ही गोष्ट वरची नाही, खालची आहे. गाव कुठलं म्हणालात? परभणीकडचं? माती काळी असणार."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात विचारलं, "काळी म्हणजे काय?" पोरं म्हणाली, "रंग!" आपल्या मराठीत 'काळी' म्हणजे शेतजमीन आणि 'पांढरी' म्हणजे गावाच्या वस्तीची जागा. जुन्या कागदपत्रांतही हे शब्द आहेत. शेत काळीत, घर पांढरीवर, अशी रीत होती. गाव वाढलं, पांढरीवर जागा उरली नाही आणि प्लॉट काळीत पडू लागले.

ही काळी आली कुठून? तुमच्यापैकी जे अंबरनाथला आले असतील त्यांनी पूर्वेचं शिवमंदिर पाहिलं असेल, वालधुनीच्या काठचं. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. ते मंदिर ज्या काळ्या पाषाणाचं आहे त्याला म्हणतात बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून लाव्हा वर आला, थरांवर थर पसरले, आणि जवळजवळ सगळा महाराष्ट्र त्याखाली झाकला गेला. तोच दगड ऊन-पावसानं झिजून, कुजून काळी माती झाली. आपल्या कोकणात पाऊस धो धो, त्यामुळे मातीतली बरीच द्रव्यं वाहून जातात. घाटावर पाऊस कमी, जमीन सपाट, तिथे ती चिकण काळी माती जागच्या जागी राहिली. म्हणजे आपल्या शिवमंदिराचा दगड आणि परभणीचं कापसाचं रान, दोघंही एकाच आईची लेकरं!

या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. (फ्रान्समधल्या माँटमोरियाँ गावावरून हे नाव पडलं. पाठ करू नका, मलाही तीनदा लिहावं लागलं.) वहीची पानं असावीत तसे त्याचे अतिशय पातळ पापुद्रे असतात. पाणी मिळालं की ते दोन पानांच्या मध्ये शिरतं, आणि वही फुगते. ऊन पडलं की पाणी निघून जातं, वही पुन्हा मिटते. म्हणून उन्हाळ्यात काळीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्या नाहीशा होतात. पिकाला हे फार चांगलं, कारण माती ओल धरून ठेवते. घराला मात्र वाईट. ज्या जमिनीवर आपण उभं राहायचं ती वर्षातून एकदा श्वास आत घेते आणि एकदा बाहेर सोडते!

हे मी फळ्यावर काढून सांगितलं, पण तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना. मग आम्ही प्रयोग केला. तिच्या बाबांनी कुणाबरोबर तरी गावाहून पिशवीभर माती मागवली. ती वाळवली, कुटली, बारीक चाळणीतून गाळली. हायस्कुलातून काचेची दोन मोजपात्रं उसनी आणली. दोन्हींत दहा-दहा ग्रॅम माती. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. (रॉकेल काकूंच्या जुन्या स्टोव्हचं. हल्ली ते सहज मिळत नाही. तुम्ही घरी करणार असाल तर रॉकेलचा नाद सोडा. एका बाटलीत काळी माती, दुसरीत बारीक वाळू, दोन्हींत पाणी, एवढं पुरे.) काडीनं ढवळलं, बुडबुडे जाऊ दिले आणि शनिवारी ठेवून सोमवारी पाहिलं. रॉकेलमधली माती दहाच्या रेघेपाशी बसली होती. पाण्यातली सतराच्या वर! रॉकेल त्या पापुद्र्यांमध्ये शिरत नाही, पाणी शिरतं, एवढाच काय तो फरक. इंजिनिअर लोकही माती किती फुगणार हे अशाच चाचणीनं ठरवतात, फक्त ते माप जास्त काटेकोर घेतात.

सगळा वर्ग त्या पात्राभोवती गोळा झाला होता. एक मुलगा म्हणाला, "बाई, मग तिकडची मोठी मोठी इमारत पण वर उचलली जाते का?" फार चांगला प्रश्न! मोठ्या इमारतीचं वजन भरपूर असतं आणि तिचा पाया खूप खाली, मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत नेलेला असतो. आमच्याकडे जुन्या भातखाचरांवर इमारती उठल्यात, तिथेही असंच खोल जावं लागतं, असं काका म्हणाले. मार खातं ते गरिबाचं हलकं, बसकं घर. त्याचा पाया उथळ, आणि फुगणाऱ्या मातीला दाबून ठेवायला वर वजनही नाही. कुंपणाच्या भिंती, फरश्या, गावाकडचे रस्ते यांचंही तेच होतं. मराठवाड्यात एस.टी.नं जाताना गाडी होडीसारखी का डुलते, ते आता कळलं ना?

तिच्या घराचा पाया किती खोल होता? मी तिच्या बाबांनाच विचारलं. शाळेच्या फाटकाशी उभे राहून, टोपी हातात घेऊन ते म्हणाले, "अडीच फूट, बाई. खाली काळीच होती. मुरूम लागला नाही. मिस्त्री म्हणला आणखी खणा, पण खणायचं म्हणजे दगड वाढतो, सिमेंट वाढतं. पैसे स्लॅबला ठेवले." जरा थांबून म्हणाले, "दुसऱ्याच्या बिल्डिंगवर महिना महिना पाणी मारतो मी. माझ्या घराला सात दिवस पण नाही झालं."

मी त्यांना म्हटलं, "दादा, भेगेचं चित्र काढून देता का? घराच्या कुठल्या बाजूला काय आहे तेही."

त्यांनी वहीच्या कागदावर नकाशा काढला, आणि तो घेऊन मी आणि ती काकांकडे गेलो. काकांनी पेन्सिल एका कोपऱ्यावर ठेवली. "इथे काय आहे?" ती म्हणाली, "मोरी." "मोरीचं पाणी कुठं जातं?" "तिथंच. खड्ड्यात." "आणि गच्चीचं पावसाचं पाणी?" ती विचार करून म्हणाली, "पाइप तिथंच सोडलाय." भेग त्याच कोपऱ्याजवळच्या खिडकीची होती.

झालं, गुन्हेगार सापडला! घर बांधलं मे महिन्यात, तेव्हा माती अगदी कोरडी, आक्रसून बसलेली. जूनमध्ये पाऊस आला. गच्चीचं सगळं पाणी आणि रोजच्या आंघोळीचं पाणी त्या एका कोपऱ्यात मुरलं. बाकी पायाखालची माती अजून कोरडी, आणि हा कोपरा फुगून वर आला. भिंत काही रबराची नाही. तिचा सगळ्यात नाजूक भाग म्हणजे खिडकीचा कोपरा, तिथून ती फाटली. स्लॅबला पाणी हवं होतं तेव्हा टँकर आला नाही, आणि पायाला नको होतं तेव्हा मात्र तिथे पाणीच पाणी.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?" तिनं विचारलं.

काकांनी तिला खोटं सांगितलं नाही. म्हणाले, "भिंतीची भेग तुझ्यामुळे नाही, आणि पाणी मारण्या-न मारण्याशी तिचा काही संबंध नाही. पण पुढच्या वेळी जाशील तेव्हा गच्चीवर जा आणि बघ. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील. त्या उन्हाच्या आणि पाणी कमी पडल्याच्या. त्यांनी घर पडत नाही, पण गळू शकतं. त्या बुजवून घ्यायला बाबांना सांग. आणि टँकर आणणं हे तिसरीतल्या मुलीचं काम नव्हतं."

दिवाळीत ती गावी गेली ती तयारीनंच. पट्टी, पेन्सिल, वही आणि हायस्कुलातून मागून आणलेली सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी. भेगेच्या दोन बाजूंना दोन ठिपके काढले, बरोबर १०० मिलिमीटर अंतरावर. काचपट्टी भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना सिमेंट लावून चिकटवली. भेग जरा हलली तरी काच फुटणार. (जुनी युक्ती आहे ही. इंजिनिअर लोक भेग जिवंत आहे की मेलेली ते अशीच ओळखतात.) शिवाय वहीत नोंद केली, 'दहा रुपयांची दोन नाणी एकत्र धरली तर आत जातात.'

मे महिन्यातली नोंद अशी : 'काच फुटली. ठिपके ९८. एकच नाणं जातं, तेही अडकत.'

बघा, कोपरा पुन्हा खाली बसला होता! भेग जिवंत होती. काही घरांत हे नेमकं उलटं होतं, उन्हाळ्यात भेग फाकते आणि पावसाळ्यात मिटते, कारण बाहेरच्या कडेची माती आधी वाळून खाली बसते. म्हणून नुसतं बघून चालत नाही, मोजावं लागतं. आणि म्हणूनच अशा भेगेत घाईघाईनं सिमेंट ठासून भरण्यात अर्थ नसतो. माती हलली की शेजारी नवी भेग.

आता थोडं आई-बाबांसाठी. (मुलांनो, तुम्हीही वाचा, लपवण्यासारखं काही नाही.) काळीत घर बांधायचंच असेल तर शक्य असेल तिथे मुरूम लागेपर्यंत खणून पाया तिथे टेकवावा, हा जुना आणि पक्का उपाय. काळी फार खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं काढलेली एक युक्ती आहे. जमिनीत पातीचा कांदा उभा रोवला आहे अशी कल्पना करा. वर सडपातळ दांडा, खाली फुगीर गड्डा. तसा काँक्रीटचा खांब जमिनीत ओततात. खालचा गड्डा दांड्याच्या साधारण अडीचपट रुंद. खोल काळीत तो निदान साडेतीन मीटर खाली नेतात, कारण ऊन-पावसाचा खेळ मुख्यतः त्याच्या वरच्या थरात चालतो. वरची माती कितीही उड्या मारो, खालचा कांदा घर धरून ठेवतो. खांबांच्या डोक्यावरून तुळया जातात, आणि तुळईच्या खाली जरा जागा मोकळी सोडतात, म्हणजे फुगलेली माती तिला ढकलत नाही.

तिसरा उपाय आपल्या जवळचा, पवईच्या आय. आय. टी.मधला. तिथले प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी अनेक वर्षं काळ्या मातीचा अभ्यास केला. १९७८ साली त्यांनी या विषयावर दिलेलं व्याख्यान प्रसिद्ध आहे. त्यांनी दाखवलं की, चिकटून राहणारी पण न फुगणारी माती, म्हणजे काही जातींचा मुरूम, सुमारे एक मीटर जाडीचा थर करून काळीवर दाबून बसवला तर खालच्या मातीचं फुगणं वर पोचेनासं होतं. फुगणाऱ्या जमिनीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखाली असा थर घालतात. नुसती वाळू भरून मात्र हे साधत नाही. वाळूतून पाणी सरळ खाली जातं आणि काळीलाच जाऊन मिळतं!

आणि बांधून झालेल्या घराला? पाणी पायापासून लांब न्यायचं. गच्चीचा पाइप, मोरीचं सांडपाणी, नळाची गळती, सगळं. घराभोवती बाहेर उतार असलेली फरशी करायची. पायाला लागून मोठी झाडं लावायची नाहीत. ती उन्हाळ्यात मुळांनी ओल ओढून घेतात आणि त्या बाजूची माती खाली बसते. पाणी मारायला पाणीच नसेल तर? मराठवाड्यात हा काही गमतीचा प्रश्न नाही. २०१६ साली लातूरला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं न्यावं लागलं होतं. अशा वेळी स्लॅब ओल्या गोणपाटानं झाकून वरून प्लॅस्टिकचा कागद पसरतात, म्हणजे थोडं पाणी जास्त दिवस पुरतं. सगळ्यांत बरं म्हणजे मे महिना टाळायचा. मला ठाऊक आहे, हे सांगणं सोपं आहे. सुट्टी मेमध्येच मिळते आणि पावसाची धास्तीही तेव्हाच असते. पण दिवाळीनंतर विहिरीला पाणी असतं, हवा गार असते आणि माती ना फार ओली ना फार कोरडी.

तिच्या बाबांनी त्या मे महिन्यात मोरीचं पाणी बारा फूट लांब नेलं, गच्चीचा पाइप रस्त्याकडच्या गटारापर्यंत वाढवला आणि भोवती तीन फुटांची फरशी केली. खर्च स्लॅबच्या मानानं किरकोळ. गेल्या दिवाळीत ठिपक्यांचं अंतर पुन्हा १०० झालं नाही, ९९ वरच थांबलं. काका म्हणाले, "आणखी दोन पावसाळे मोजा, मगच भेग भरा."

आता ती पाचवीत आहे, माझ्या वर्गात नाही, पण वही दाखवायला येते. परवा आली ती पळतच. गावाकडे आजीसाठी मागे एक खोली काढली आहे. या वेळी जानेवारीत. वहीत लिहिलं होतं, 'खणलं. चार फूट काळी. पाच फूट काळी. साडेपाच फुटांवर मुरूम.' मुरूम या शब्दाखाली दोन रेघा.

"स्लॅब कधी?" मी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात. बाबा पंधरा दिवस सुट्टी काढून राहणार आहेत. म्हणाले, पाणी मी मारतो, तू फक्त वहीत लिहायचं."

तुमची,
बाई